गॉगलच्या बोटीतले तीन थर

मी, खाली सही करणारा, वय बावीस, काम शर्यतीच्या छोट्या शिडाच्या बोटी दुरुस्त करणे, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेले, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. शेडचे मालक काका म्हणतात, माझं डोकं फिरलंय. फिरलंय ते रागाने. अक्कल शाबूत आहे.

कारण असे की उद्या शर्यत आहे, वारा जोरदार सांगितलाय, आणि माझ्या बोटीत डोलकाठीच्या बुडाशी नाण्याने ठोकलं की 'टक्' न येता 'ढप्' येतं. म्हणजे आतले फायबरचे थर सुटलेत. तरी मी जाणार. सावलीतही गॉगल न काढणारा तो इसम पहिला येणार, आणि जिच्यावर माझा जीव आहे ती त्याच्याच बोटीत बसून हसणार, हे काठावरून बघणं मला जमणार नाही.

१. घासायचं मशीन, कात्र्या व ब्रश काकांना. माझी करवत त्यांनी आधीच स्वतःची समजली आहे, तीही राहू द्यावी.

२. कॉलेजची पुस्तकं ताईला. ती म्हणाली, "मरायला निघालास तर आधी लायब्ररीची परत कर." तीन आहेत, पलंगाखाली.

३. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्याजोगे एवढेच: मंगळवारी शेडमध्ये तिने सर्वांदेखत विचारले, "दादा, झाली का आमची बोट?" त्यातला 'दादा' रद्द. 'आमची'सुद्धा.

४. गॉगलला काहीही देऊ नये. तो म्हणाला होता, "बुडाशी एकच थर मार रे, वजन नको." मनात आलं, तेवढाच मारावा. वाऱ्यात काठी मोडेल, चारचौघांत फजिती होईल. पण काठी जिथे कोसळते, ती नेमकी तिची बसायची जागा. म्हणून तीन थर मारले. माझ्या बोटीसाठी राखलेलं फायबरचं कापडही त्यातच गेलं. बोट जड लागली तर त्याने बोंब मारू नये. तिला कारण कोणी सांगू नये.

५. माझी बोट शिल्लक राहिली तर तिला द्यावी. गॉगलने हात लावू नये.

ठिकाण: बोटींची शेड. दिनांक: शर्यतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळ.

सही: (केली आहे)

साक्षीदार पहिली, ताई: वाचलं. पुस्तकं तीन नाहीत, पाच आहेत.

साक्षीदार दुसरे, काका: सही करतो. तुझी डोलकाठी काढून माझ्या खोलीत कुलपात ठेवली आहे. उद्या काठावर माझ्या शेजारी उभं राहायचं, जमो न जमो. कापड परवा येतंय. तुझ्या बोटीत तीन थर, माझ्यासमोर.