दुकान वाढवलं

रेडमंड, अमेरिका. गुरुवार, संध्याकाळ.

ऑफिसमधून बसने येताना आईचा फोन. म्हणाली, "बाबांनी दुकान वाढवलं रे." मी खूश! "अरे वा, अभिनंदन! शेजारचा गाळा घेतला का?" आई नुसतं "बरं, जेवून घे" म्हणाली आणि फोन ठेवला.

स्टॉपवरून पावसात चालताना डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे दुकान 'बंद केलं' म्हणत नाहीत, अशुभ म्हणून. घड्याळदुरुस्तीच्या त्या दुकानाचं शटर ओढताना बाबा रोज हेच म्हणायचे, "चला, वाढवू या." आता कायमचं वाढवलं. आणि मी म्हणे कवी! घरातलाच शब्द मला कळू नये?

लगेच फोन लावला. बाबांनीच उचलला. तिथे सकाळ, दुकान उघडायची वेळ, आणि हे घरी. "हात थरथरतात रे आता," म्हणाले. "पण तू अभिनंदन केलंस, आईनं सांगितलं. बरं वाटलं. बाकी सगळे नुसते हळहळतात."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून ते शटर कानात खाली येतंय. अजून जमिनीला टेकत नाहीये.