गर्भजल आणि बिभीषणचा बंदोबस्त

६ जानेवारी, सोमवार
आज सगळ्या डिपार्टमेंटसमोर सुकन्या मॅडम म्हणाल्या, "बिभीषणची जेल बघ किती स्वच्छ. आणि तुझी? आमटी झालीय." आम्ही दोघंही मॅडमकडंच पीएच.डी. करतो. विषय एकच: अंड्यात वाढणाऱ्या पिलाभोवतीचं पाणी, म्हणजे गर्भजल, आणि त्यातली प्रोटीन्स. ती जेलीच्या पातळ थरावर पट्ट्या-पट्ट्यांनी वेगळी करून बघायची, तीच ही जेल. संभाजीनगरच्या कॉन्फरन्सला एकालाच पाठवणार. मॅडमची नजर बिभीषणवर.
मी सूडबुद्धीचा माणूस न्हाई. फक्त बिभीषणला संपवायचंय.

७ जानेवारी
बिभीषणचा दावा: पहिले बारा दिवस गर्भजल पातळ, प्रोटीन नावालाच. मग एकदम वाढतं, पाणी घट्ट होतं. साफ खोटं. त्याचा हात थरथरतो. सुई अंड्याच्या पांढऱ्यात घुसते, पांढरं मिसळतं, आणि हा त्याला शोध म्हणतो! माझा हात दगडासारखा. मी तोच प्रयोग करणार, पाणी पातळ निघणार, बिभीषण सेमिनारमध्ये रडणार.
संकल्प: त्याच्याशी बोलणं बंद.
(दुपारी बोललो. सुया त्याच्याकडं होत्या.)

८ जानेवारी
बसस्टँडजवळच्या दुकानातून ट्रेभर अंडी आणली. इन्क्युबेटरमध्ये ठेवली. प्रत्येकावर पेन्सिलीनं 'बि' लिहिलं. शत्रू नजरेसमोर पाहिजे.

१६ जानेवारी
टॉर्च लावून बघितली. एकातही पिलू न्हाई. घातपात! बिभीषण मागून म्हणाला, "अबे, दुकानातल्या अंड्याला कोंबड्याचा पत्ताच नसतो. पिलू कुठून येणार? गावरान आण."
कावून मदत करतो हा? डाव हाय.

१९ जानेवारी, रविवार
वडवणीला गेलतो. भिवरामावशीकडून गावरान अंडी घेतली. मावशीनं विचारलं, "खायला का रं?" म्हटलं, "सुडाला." मावशी म्हणाली, "मंग अजून दोन घे."
उद्या सकाळीच इन्क्युबेटरमध्ये.

२८ जानेवारी
आठवा दिवस. सुई घातली. पाणी नितळ, प्रोटीन जवळजवळ शून्य. अर्धी लढाई जिंकली. सेमिनारचं पहिलं वाक्य पाठ केलं: "काही लोकांचे हात थरथरतात." इथं थांबून बिभीषणकडं बघायचं.

३ फेब्रुवारी
चौदावा दिवस. पाणी घट्ट. सुईत चढेना. दुसरं अंडं, तेच. तिसरं, तेच. सुया बिभीषणच्याच, म्हणजे गडबड सुयांत. नव्या आणल्या. तरी घट्ट.
संध्याकाळी जेल काढली. प्रोटीनचे पट्टे ठळक, आखल्यासारखे. आयुष्यात पहिल्यांदा जेल स्वच्छ आली, आणि तीसुद्धा त्याच्या बाजूनं.
कारण सापडलं: वडवणी रोडचे खड्डे. एसटीत अंडी हिंदकळली, पांढरं मिसळलं. आरोप कायम.

६ फेब्रुवारी, सेमिनार
पहिलं वाक्य म्हटलं. थांबलो. बघितलं. बिभीषण लिहून घेत होता.
मग म्हटलं, "गर्भजलात पांढरं मिसळतं, म्हणून प्रोटीन वाढतं. माझ्या अंड्यांतही मिसळलं."
मॅडम म्हणाल्या, "मिसळतंच. साधारण बाराव्या दिवशी पांढऱ्यातून पिलाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीत वाट उघडते. प्रोटीन आत येतं, पिलू ते पितं आणि त्याच्यावर वाढतं. बिभीषणनं पहिल्याच पानावर लिहिलंय. वाचलं नाहीस?"
शत्रूचं लिखाण मी वाचत न्हाई. हे सांगायचं होतं. पुढची स्लाइड लावली.
चहाच्या वेळी बिभीषण जवळ आला. मी मारामारीच्या तयारीत. म्हणाला, "तुझी जेल माझ्यापेक्षा लई भारी आली बे. कॉन्फरन्सला हीच दाखवू का? सोबत तुझं नाव टाकतो."
ठणकावून नको म्हणणार होतो. तोंडातून "टाक" निघालं.

१२ फेब्रुवारी
सकाळच्या एसटीनं बिभीषण आणि मॅडम संभाजीनगरला गेले. मॅडम जाताना म्हणाल्या, "विरोधकानंच सिद्ध करून दिलं, आता कुणी शंका घेणार नाही."
इन्क्युबेटर माझ्या ताब्यात. आत बिभीषणची नवी अंडी हायत. तो येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ फिरवायची, असं सांगून गेलाय. आता खरी संधी. नुसतं फिरवायचं न्हाई; पिलं आत कवचाला चिकटून मरतील, की झालं.
सकाळची फिरवली. संध्याकाळची आत्ता फिरवून आलो.