पाय कोणाच्या घराण्यातला?

मुदखेड, सोमवार

रा. रा. रेवणसिद्धअण्णा यांस मुदखेडहून विरूपाक्षाचे शरणु शरणार्थी.

इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढं येईलच. वैनींचा गुडघा कसा आहे? तुमच्या वसतिगृहात यंदा लई गर्दी आहे म्हणे. (जिन्याखालीसुद्धा खाट टाकून डॉक्टर घडवून राहिलात असं ऐकलं. लातूरचं नाव होतंय, आनंद आहे.) आमची मंजुश्री अभ्यास करते का? आणि तिची आई, म्हणजे तुमची बहीण शांतम्मा, पोरीच्या परीक्षेचं निमित्त करून तुमच्याकडं येऊन राहिली आहे, तिची तब्येत कशी आहे? सहज विचारलं.

तिनं तिकडं काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. म्हणून घडलं ते पहिल्यापासून लिहितो, म्हणजे तुम्हालाच पटेल की ह्यात माझी चूक अगदी थोडी आहे, आणि जी आहे तीसुद्धा माणसानं चारचौघांत करावी अशीच आहे.

आमच्या अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, डावा पाय तुम्ही बघितलेला आहे. गुडघ्याखाली खांबासारखा, कातडी जाड, खडबडीत, भेगा पडलेली. भूकंपाच्या वर्षी गणपतीत ती औशाकडं बहिणीच्या गावी गेली होती. तिथं भिंत पडली हे खरं. ती पायावर पडली हे अव्वा सांगते. (ज्यांची माणसं खरोखर ढिगाऱ्याखाली गेली ते त्यावर अक्षर बोलत नाहीत. आमच्या अव्वाचा भूकंप मात्र आजतागायत चालू आहे.) त्या पायाला घरात 'भूकंपाचा पाय' असंच नाव. एसटीत ती "भूकंपातली हाय मी" म्हणाली की बसलेला माणूस आपोआप उभा राहायचा. आपल्यालाही ते बरं होतं. 'हत्तीपाय' म्हटलं की लोक घराण्याकडं बघतात. 'भूकंप' म्हटलं की देवाकडं.

गेल्या पावसाळ्यात शांतम्माचा उजवा पाय सुजायला लागला. ताप यायचा, पाय लाल व्हायचा, ताप उतरायचा, पण सूज पुरती उतरायची नाही. आता तिला काही भूकंप झालेला नव्हता. मग मी काय म्हणायचं? मी म्हणालो, हे माहेरचं आहे. (तुमच्या थोरल्या आत्यांचा पाय मी आमच्या लग्नातच हेरला होता. लोक अक्षता टाकून राहिले होते आणि नवरदेव तिकडं बघून राहिला होता.) उद्या मंजूचं लग्न जमवायचं तर आमच्या बाजूनं तरी बोभाटा नको, एवढाच माझा विचार. शांतम्मा म्हणाली, "लग्न करून आल्यापासून तुमच्या दारातल्या नालीचे डास मला खाऊन राहिलेत, आन् पाय माझ्या माहेरचा?" मी म्हणालो, डास मलाही चावतात, माझा पाय बघ. बिनतोड मुद्दा होता. तरी तिला पटला नाही.

अशात एका मोठ्या प्रयोगशाळेतून डॉ. मनस्विनी नावाच्या बाई आमच्या गल्लीत आल्या. हत्तीपाय ज्यांना आहे त्यांचं आणि त्यांच्या घरात ज्यांना नाही त्यांचंही रक्त त्यांना हवं होतं. आधी कुणी दार उघडेना. (सरकारच्या हत्तीपायाच्या गोळ्या वाटायला बाई आली की आपल्याकडं हीच रीत: गोळी घ्यायची, तिच्यासमोर पाण्याचा घोट घ्यायचा आणि ती वळली की गोळी तुळशीला.) पण क्लासवाल्या मडिवाळप्पानं कुठून तरी 'रक्तातले गुण' एवढंच ऐकलं आणि गल्लीत सांगितलं की पोरगं मेडिकलला लागणार का नाही ते ह्या तपासणीत कळतं. झालं! आमच्या ओट्यावर अशी रांग लागली की बाई घाबरल्या. धडधाकट पोरांना हाताला धरून आयाबाया उभ्या. दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पाच्या क्लासवर नवी पाटी लागली: 'गुणवत्ता रक्तात असते, आम्ही ती बाहेर काढतो.'

मला मात्र शास्त्राशी काम होतं. सगळ्या गल्लीदेखत मी बाईंना म्हणालो, आमच्या घराण्यात असलं काही नाही; हे हिच्या माहेरचं आहे, तुम्ही तपासून सांगा. शांतम्मा दारात उभी होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, जंत डासातून येतो, आणि तो ह्या गल्लीत बऱ्याच जणांच्या अंगात असेल, तुमच्याही. काहींचा पाय सरळ राहतो, काहींची कातडी अशी जाड होते. ते आईबापाकडून आलेल्या गुणांवर किती अवलंबून आहे, तेच आम्ही शोधतोय." मी विचारलं, मग आमचा निकाल कधी? त्या म्हणाल्या, एकेकाचा निकाल सांगत नाही, शेकडो घरं एकत्र करून बघतो. अण्णा, परीक्षा घ्यायची आणि निकाल लावायचा नाही! लातुरात चालेल का हे?

मग त्यांनी बादली, साबण, फडकं मागवलं आणि अव्वासमोर चक्क खाली बसल्या. पाय कसा धुवायचा ते दाखवते म्हणाल्या. तो पाय मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवला, एकेक बेचकं टिपून कोरडं केलं. अव्वा पहिल्यांदा ओरडली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी विचारलं, "आजी, दुखतंय का?" अव्वा म्हणाली, "न्हाई माय. लई वर्सांत ह्याला कुणी हात न्हाई लावला." आणि लगोलग, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "भूकंपानं न्हाई झाला हा. भिंत पडली ती आंगणात पडली. माझ्या बापाचा पाय असाच होता, माझ्या आत्याचाबी."

शांतम्मानं माझ्याकडं बघितलं. ती नुसती बघत उभी राहिली, म्हणजे आता बोलायची पाळी माझी होती. मला ते कळलं. पण इतक्या लोकांत काय बोलावं ते सुचेना, आणि तोंडातून निघालं, "चहा टाक."

तिनं टाकला. सगळ्यांना दिला. माझ्या कपात साखर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती लातूरला आली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

इकडची हकिकत अशी की अव्वा आता पूर्ण बदलली आहे. भूकंपाचं नाव काढत नाही. डॉक्टरबाईंनी गल्लीत पहिलं रक्त तिचं घेतलं, ह्याचा तिला इतका गर्व झाला आहे की येईल-जाईल त्याला पाय दाखवून "आमच्या रक्तातच हाय हे!" असं सांगते, जणू पाटीलकी मिळाली. जे लपवण्यात माझी निम्मी हयात गेली, त्याची दवंडी ती फुकट पिटून राहिली आहे. आणि पाय रोज धुवायचा, तर धुणार कोण? मीच धुतो. दुकान उघडायच्या आधी मोरीत उकिडवा बसतो आणि अव्वा वरून हुकूम सोडते. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून धुतला. आता बघून धुतो. एका बेचक्यात जखम होती, ती भरत आली आहे. पायाला वास येत होता तो गेला. दोन बोटांच्या मधली जागा एवढी नाजूक असते, हे मला पन्नाशीत कळलं.

बाकी सर्व ठीक. वैनींना नमस्कार, मंजूला आशीर्वाद.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. मी शांतम्माला बोलावून राहिलो असा अर्थ काढू नका. डॉक्टरबाईंना तिचं रक्त घ्यायचं राहिलं आहे, तेवढ्या कामापुरतं तिला यावं लागेल.

पुन्हा ता. क., गुरुवार. डॉक्टरबाई गेल्या. परत येणार नाहीत. काल मी ओट्यावर उभा राहून मोठ्यांदा सांगितलं की शांताला मी बोललो ते चुकीचं होतं, पाय आमच्याही घराण्यात आहे. कुणी ऐकलं नाही. मडिवाळप्पाच्या क्लासचा निकाल लागला होता आणि अख्खी गल्ली पेढ्यांवर तुटून पडली होती. पण मी सांगितलं.

शेवटचं. बाई म्हणाल्या होत्या की शांताची सूज अजून सुरुवातीची आहे. रोज जपलं तर तिथंच थांबवता येईल. तिची कंबर धरते, तिला वाकता येत नाही, एवढं मला ठाऊक आहे. तिला म्हणावं, ये. मी धुईन. (ही ओळ वैनींना वाचून दाखवू नका. शांतालाही वाचून दाखवू नका, कागदच तिच्या हातात द्या.)