नोरीनचा ताप

जीव्हस्टन,
रविवार दुपार

प्रिय आयव्ही आत्यास,

थियाचा नमस्कार. तुझं पत्र मिळालं. ब्रिस्बेनची हवा मानवते आहे आणि गुडघा 'बरा' आहे, असं लिहितेस. आत्या, 'बरा' यातून काही कळत नाही. किती अंश वाकतो ते कळव. (कॉलिनला कोनमापक धरायला सांग. मुलगा आहे तुझा, तेवढं करेल.) मी ठीक आहे. प्रयोगशाळा ठीक आहे. तुझ्या तीन कोंबड्यांपैकी दोन ठीक आहेत.

तिसरी नोरीन. मंगळवारी सकाळी ती खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून उभी होती. दाण्याकडे बघेना. जाताना तू ठेवलेला सूचनांचा कागद मी पुन्हा वाचला. त्यात एकच ओळ आहे: 'काय हवं ते त्या सांगतील.' नोरीन काही सांगेना. तेव्हा मला जे येतं ते मी केलं, म्हणजे मोजलं. (कुठून मोजलं ते लिहीत नाही. तापमापक त्याच आठवड्यात तपासलेला होता, त्याला दोष देता येणार नाही.) आकडा आला ४१.२. माणसाला एवढा ताप चढला तर रुग्णवाहिका बोलावतात. मी पाण्याचे नमुने थंड ठेवायच्या बर्फाच्या चार पिशव्या आणल्या, नोरीनला तुझ्या जुन्या हिरव्या स्वेटरात गुंडाळलं आणि पिशव्या समान अंतरावर लावल्या. पिलू असताना हिला तू चुलीजवळ बुटाच्या खोक्यात वाढवलंस. ती माझ्या हातून मरणार आणि ते तुला पत्रात लिहावं लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

चौथी नोंद करताना शेजारचे क्लॅरीकाका कुंपणावर टेकलेले दिसले. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"काय गं, कोंबडी बर्फात ठेवायची तर आधी मारतात. एवढं तरी ठाऊक आहे ना?"

"तिला ताप आहे. एक्केचाळीस पूर्णांक दोन."

"सगळ्याच कोंबड्या तेवढ्या गरम असतात, पोरी."

"तुम्ही मोजलंय कधी?"

"नाही बुवा. हिवाळ्यात हात शेकायला धरल्यात." मग कुंपण ओलांडून आले आणि दोन बोटांनी तिचा गळा चाचपला. "हे बघ. टेनिसचा चेंडू गिळलाय बाईसाहेबांनी. काय घातलंस खायला?"

मी घातलं होतं कापलेलं गवत. हिरवळ कापली, ढीग मोठा झाला, वाटलं त्या खूश होतील. (झाल्या होत्या. गवताची लांबी सरासरी चौदा सेंटिमीटर, नंतर मोजली.) त्याचा गोळा होऊन गळ्याखालच्या पिशवीत बसला होता. क्लॅरीकाकांनी कुऱ्हाड आणू का विचारलं. मी पशुवैद्यबाईंना फोन केला. या गावात कोंबडीसाठी कुणी फोन करत नाही, हे मला संध्याकाळी दुकानात कळलं, कारण तोवर सगळ्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आजाऱ्याच्या घरी ठेवतात तसं दुकानातल्या ग्लेनिसने दारात झाकून जेवण ठेवलं. वर चिठ्ठी: 'नोरीनला लवकर आराम पडो.' आत कोंबडीचा रस्सा. मी तो दार लावून जेवले.

उपचार असा: तेलाचे थेंब, पाणी, आणि दिवसातून चार वेळा तो गोळा बोटांनी हळूहळू चोळायचा. प्रयोगशाळेतून रजा घेतली. मागच्या पायरीवर, मांडीवर कोंबडी, हात अडकलेले, नोंदी करता येत नाहीत. अशा वेळी नको ते आठवतं. तू मुलामा उडालेल्या घमेल्यात कोंबड्यांसाठी कोंड्याची गरम पेज कालवायचीस आणि कोपर बुडवून बघायचीस, तो वास. आई गेली त्या आठवड्यात रोज सकाळी माझ्या कपाळाला हात लावून तू म्हणायचीस, "ताप आहे. आज शाळा नाही." मला ताप नव्हता, आत्या. तेव्हाही माहीत होतं. मी गप्प बसले, कारण तुझा हात बराच वेळ तिथेच असायचा.

शुक्रवारी दुपारी गोळा मऊ पडला. काल नोरीनने भिजवलेला कोंडा खाल्ला आणि मला चोचीने मारलं. क्लॅरीकाकांच्या मते दोन्ही लक्षणं चांगली.

कॉलिनचा फोन आला होता. तू कायमची तिकडेच राहावंस असं त्याला वाटतं. निर्णय तुझा आहे. माझं त्यावर काही मत नाही.

तुझी,
थिया

ता. क. १: नोरीनने आज अंडं घातलं. कवच पातळ आहे, पण अंडं आहे.

ता. क. २: शेवटच्या परिच्छेदात चूक आहे. मत आहे. नीट शब्दांत मांडता आलं नाही म्हणून नाही असं लिहिलं.

ता. क. ३: मागच्या पायऱ्यांना कठडा बसवून घेतला. तुझी झोपायची खोली खाली हलवली, चूल तिथून जवळ पडते. आता नोरीन बरी आहे, तेव्हा तिच्यासाठी यायचं कारण उरलेलं नाही. तरी ये.