मालविका काही मरत नाही

९ जानेवारी, गुरुवार

आज सुनेला तिळगुळातून विष दिलं. चार वेळा! पहिल्यांदा वाटी सांडली, मग लाईट गेले, मग सूनबाईंनाच हसू आवरेना. शेवटी एकदाचं ओके झालं. संक्रांतीच्या एपिसोडला जाणार म्हणे. म्हणजे मंगळवारी घरोघरी लोक तिळगूळ खाता खाता मला शिव्या घालणार. गोड गोड बोला!

मला सिरीयलमधली मालविका वहिनी होऊन पाच वर्षं झाली. शिरवण्याच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्यात आमचा प्लायवूडचा बंगला उभा आहे. बाहेर ट्रकवाले हॉर्न देतात, आत मी डावी भुवई उचलते. त्या भुवईवर घर चाललंय, तेव्हा तक्रार नाही. पण कंटाळा आलाय. खूप आलाय. घ्या, लिहून टाकलं.

१२ जानेवारी, रविवार

सिनेमाची टेस्ट दिली. विश्वजित नावाचा मुलगा आहे, त्याचा पहिलाच सिनेमा. उरणला कंटेनर यार्डाच्या गेटवर काम करणारी काशी नावाची बाई — आणि अख्खा सिनेमा तिचाच! टेस्टला एकच वाक्य होतं. ड्रायव्हरला म्हणायचं, गाडी मागे घ्या.

म्हटलं. आणि थांबले. तशीच, मान तिरकी करून.

विश्वजितने विचारलं, "ताई, कोणाची वाट बघताय?"

मेले मी लाजेनं. सिरीयलमध्ये वाक्य झालं की चेहरा तसाच धरून ठेवायचा असतो. मग कॅमेरा सासऱ्यावर जाणार, दिरावर जाणार, स्वयंपाकीणबाईवर जाणार, आणि फिरून माझ्या भुवईवर येणार. अंगातच मुरलंय ते! दुसऱ्यांदा काहीच केलं नाही. नुसतं म्हटलं. तो "थँक्यू" म्हणाला. हे लोक सगळ्यांनाच थँक्यू म्हणतात. सोडा आता.

१६ जानेवारी, गुरुवार

मिळाला!!

जुईनगरच्या आमच्या वन-बीएचकेमध्ये नाचायला जागा नाही, तरी नाचले. आईने शिरा केला, आधी अण्णांच्या फोटोपुढे ठेवला. अण्णा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. दर सोमवारी आई स्टेशनबाहेरून झेंडूचा ताजा हार आणून त्यांना घालते. कधी चुकलेला नाही.

एकच भानगड आहे. शूटिंग फेब्रुवारीच्या मध्यापासून उरणला, सलग. आणि माझ्या ॲग्रीमेंटप्रमाणे मालविका जिवंत आहे तोवर सिरीयलने बोलावलं की आधी तिथे जायचं. बाकी काम नंतर.

म्हणजे मालविकाला मरावं लागणार.

२० जानेवारी, सोमवार

वैजयंती मॅडमना भेटले. सिरीयलमध्ये कोण जगणार, कोण मरणार हे त्या ठरवतात. यमाचं खातं, पण स्वभावाने लोण्यासारखी बाई. सिनेमाचं ऐकून त्यांनी मिठीच मारली. म्हणाल्या, तुला मस्तपैकी घाटातून गाडीसकट पाडू.

मी म्हटलं, पाडा, पण बॉडी मिळू दे. सिरीयलमध्ये बॉडी मिळाली नाही की माणूस मेलेलं नसतं. सहा महिन्यांनी आश्रमात सापडतं, नाहीतर नवा चेहरा लावून येतं. भिंतीवर फोटो आणि फोटोला हार, तेव्हाच सुटका. मला असं अर्धवट लटकायचं नाही. मॅडम हसल्या, कबूल म्हणाल्या. आर्टवाल्यांकडे चंदनाचा एकच हार आहे. सासूलाही तोच, धाकट्या जावेलाही तोच. आता माझा नंबर.

फोटो मीच निवडून दिला. पैठणीतला. मेल्यावर तरी बरं दिसावं!

२४ जानेवारी, शुक्रवार

आईला सांगण्याची चूक केली. तिला वाटलं, फोटो दुसऱ्या कोणाचा तरी लावणार. माझाच, म्हटल्यावर हातातली पोळी तव्यावर जळली.

"जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय? या घरात एक हार हाय, तेवढा बास."

सातारा सोडून चाळीस वर्षं झाली, पण राग आला की थेट तिकडचीच भाषा. मी म्हटलं, आई, खोटं असतं गं ते. ती म्हणाली, फोटू तर खरा हाय न्हवं?

२९ जानेवारी, बुधवार

मेले! दरी म्हणजे हिरवा पडदा, गाडी म्हणजे नुसती सीट आणि स्टिअरिंग. किंचाळून किंचाळून घसा बसला.

मरणाचा शॉट झाला की आमच्यात एक रीत आहे. कॅमेरा बंद करत नाहीत. मेलेल्याने उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मग नारळ आणि पेढा हातात देतात. नको ते खरं होऊ नये म्हणून. मी इतकी हसले की कॅमेरामन म्हणाला, बाई, दुःखाचा सीन आहे. हार-फोटो परवा.

३१ जानेवारी, शुक्रवार

मुद्दाम सेटवर गेले, स्वतःचा हार बघायला. भिंत रिकामी! टेबलावर पोलिसांनी आणलेली माझी एक चप्पल, आणि सगळे तिच्याभोवती रडतायत.

काल आई येऊन गेली होती. मला न सांगता, डब्यात पुरणपोळ्या घेऊन! वैजयंती मॅडमसमोर बसली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, पोरीला दरीत टाका, पण हार घालू नका. मॅडमनी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. मला म्हणाल्या, "आईला दिलेला शब्द मोडून मी तुझ्या फोटोला हात नाही लावणार बाबा. मला पण टेन्शन येतं ना." म्हणजे मालविका बेपत्ता. म्हणजे ॲग्रीमेंट चालू. म्हणजे कधीही फोन येणार आणि मला जावं लागणार.

आईशी कडाक्याचं भांडले. बॉडी नाही, हार नाही, म्हणजे माझी सुटका नाही, तू माझं वाटोळं करतेस म्हटलं. ती अण्णांचा फोटो पुसत राहिली.

३ फेब्रुवारी, सोमवार

अबोला चालू. डबा मात्र वेळेवर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उरण! कालपासून शूटिंग सुरू. मेकअप नाही, केसाला तेल, पायात रबरी चपला. दिवसभर धुरळा खाल्ला आणि असा आनंद पाच वर्षांत झाला नव्हता.

यार्डाच्या बाहेर चांगुणाबाई नावाची म्हातारी सुकी मासळी घेऊन बसते. मला निरखून बघितलं आणि म्हणाली, "तू तीच हाय ना गो, सुनेला छलनारी?" हो म्हटलं. तर म्हणे, देवानं बरा केलान, पडलीस दरीत. मग मूठभर जवळा बांधून दिला. पैसे काही घेईना. मेलेल्या बाईकडून काय घ्यायचे, म्हणाली!

काशीचं काम जमतंय. वाक्य झालं की मी आता कोणाची वाट बघत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आई आली. एकटी, बसने, विचारत विचारत. अबोला तिनेच मोडला, तोही कसा!

मी गेटवर उभी होते, रिहर्सल चालली होती. ती सरळ माझ्यापाशी आली आणि मलाच विचारते, "बाई, उत्कर्षा कुठं भेटंल?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. मग ती माझ्या पायांकडे बघून दचकली. पाय ओळखले तिने! नंतर दुपारभर ड्रमवर बसून शूटिंग बघितलं. जाताना म्हणाली, "तू काय करत न्हवतीस गं. नुसती उभी व्हतीस. तुझं अण्णा मार्केटात गाडीची वाट बघत असंच उभं ऱ्हायचं."

मालविका म्हणून मी एवढी रडले, किंचाळले, पण आईने असं कधीच काही म्हटलं नव्हतं. व्हॅनमध्ये जाऊन खूप रडले. चांगलं रडले.

७ मार्च, शुक्रवार

आला फोन. टीआरपी पडला. लोकांना सून सुखात बघवत नाही म्हणे! मालविका कोळ्यांच्या होडीत सापडणार, स्मृती गेलेली. मंगळवारपासून मी शिरवण्याला, रोज.

सिनेमा अजून अर्धाच झालाय. विश्वजित ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, ताई, तुम्ही गेलात तर मला काशी दुसरी बघावी लागेल, यार्ड नंतर मिळणार नाही. मॅडमच्या हातापाया पडले. त्या म्हणाल्या, "मला काय प्रॉब्लेम नाय गं. मी आजही हार घालते. पण शब्द तुझ्या आईला दिलाय. त्यांनी मला त्यातून सोडवलं तरच."

मी आईला विचारणार नाही. जी बाई एका हारासाठी पुरणपोळ्या घेऊन शिरवण्याला गेली, तिला कुठल्या तोंडाने सांगू, की आता घालू दे म्हणून? हवीय मला ती काशी. फार हवीय.

८ मार्च, शनिवार

आईला एवढंच सांगितलं, की मंगळवारपासून परत सिरीयल. ती मेथी निवडत होती. "आनि त्या गेटवरच्या बाईचं?" दुसरी घेतील, म्हटलं. ती निवडलेली मेथी परत निवडत बसली.

१० मार्च, सोमवार

आईने आज दोन हार आणले. एक अण्णांना घातला. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, पायात चपला सरकवल्या.

कुठे निघालीस, विचारलं.

"शिरवन्याला. तो लाकडाचा नगं म्हनावं, माझ्या पोरीला ताजा घाला. आनि त्या म्याडमास्नी सांगती — बॉडी घावली."