एव्हरीवनला एकच ताट

३ फेब्रुवारी, सोमवार
आधी तारीख घाल तेजस्वे. न्हाईतर वाचून दाखवताना मलाच विचारशील, आजी, हे कधीचं गं? शाळेत डबा विसरून येणारी तू, माझी वही सांभाळणार!
सूनबाईंनी आज फर्मान काढलं. तेजस्वी शुक्रवारच्या इंग्रजी चाचणीत नापास झाली, तर परीक्षेपर्यंत कबनूरला. तिथं सूनबाईंची, अनुजाची बहीण इंग्रजी शिकवती. म्हंजे माझी लिहिणारी पळवायचा डाव. ठरलं. इंग्रजी मीच घेणार. अक्षर येत न्हाई, पण कान शाबूत हाईत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
एव्हरीवन म्हंजे सगळी. पुस्तकात एव्हरीवन हॅज कम. हॅज एकट्याला, हॅव लई जणांना. मग सगळ्यांना एकट्याचं का? माझ्या लेकाच्या, आकारामच्या लग्नात कोडोलीच्या पाव्हण्यांना चूलबंद आवतान दिलं, अख्ख्या घराला. एकटाच आला व्हय? बावीस आली, वर मुक्कामाला राहिली. हॅव! पुस्तक छापणाऱ्यानं पंगत बघितली न्हाई.

५ फेब्रुवारी, बुधवार
अनुजा म्हणाली, आत्ती, पोरीला चुकीचं शिकवू नका, एव्हरीवन एकवचनी धरत्यात. म्या विचारलं, तुझ्या माहेरची जेवायला आली तेव्हा एक ताट पुरलं? भांडी आपटत गेली. जिंकलो.
नोबडीलाबी हॅज म्हणं. जो आलाच न्हाई त्याला काय वाढायचं? जागा मोकळी सोड म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पेपर झकास. सगळीकडं हॅव, नोबडीपुढं रिकामं. कबनूर रद्द.

१० फेब्रुवारी, सोमवार
विसात पाच. सर अनुजाला फितूर हाईत. पोरीनं आईला सांगितलं, मला वाटलं तसं लिहिलं. माझं नाव घेतलं न्हाई. शिकवण मुरली म्हणायची. थांबलीस का? लिही की.

१२ फेब्रुवारी, बुधवार
तेजस्वीला मीच पाठवली. हवापालट.
हे अनुजा लिहितीया. दोन दिस वही मांडीवर घेऊन बसलो, मग हिलाच हाक मारली. वाचून दाखव म्हटलं, तर जसंच्या तसं वाचलं. संशय येतोय.
आता लिही. उद्या आकाराम कबनूरला जातोय. त्याच्याकडं चार भाकरी, दही आन मिरचीचा खर्डा पाठव. खर्डा तुझ्या हातचा. माझ्या हातचा नको, पोरगी खाताना रडंल आन तुझ्या बहिणीला वाटंल, तिखट झालाय.