बांधावरची शिंदी

८ फेब्रुवारी, रविवार
सापडली! दिल्लीतल्या आमच्या द्वारकेपासून अर्ध्या तासावर, नजफगढच्या पाणथळीच्या बांधावर शिंदीची पाच-सहा झाडं — कुणी न लावलेली, आपली आपण उगवलेली! सोसायटीतल्या कुंडीतल्या पामकडे किती बघायचं? खाली गव्हात काम करणारा म्हणाला, "मॅडम, जंगली खजूर है, इसमें क्या देखना!" देखना है, यार. रिटायर झालेय, वेळच वेळ.

१ मार्च
पानांच्या बेचक्यातून पोय आली, म्हणजे फुलोऱ्याची बंद पिशवी. होडीसारखी, तपकिरी. हात लावायला गेले — काटा थेट अंगठ्यात! दुर्बिणीतून बदकं बघणारे एक गृहस्थ रुमाल घेऊन धावले, "अहो, जपून!" चक्क मराठी! सूर्यकांत नाव, मूळचे साताऱ्याचे, रेल्वेतून निवृत्त. पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या. माझे हेही त्याच सुमारास. एवढं बोलून दोघंही झाडाकडे बघत राहिलो.

२२ मार्च
पोय फुटली. पांढरी, दाट फुलं. सूर्यकांतांनी तुरा हलवला, तर डोक्यावर पिठासारखी पूड! म्हणजे हे नर झाड. पलीकडची मादी — तिला पूड नाही, नुसते हिरवट मणी. "नर-मादी वेगळी असतात, हे साठीनंतर कळतंय!" ते म्हणाले. मिशा पुडीने पांढऱ्या. तशा त्या पांढऱ्याच आहेत म्हणा. किती दिवसांनी अशी हसले!

२३ मार्च
बंगळुरूहून सुजयचा फोन. फ्लॅट भाड्याने दे, कायमची इकडे ये. "एकटी काय करतेस आई तिथे?"
"शिंदी बघते."
"कोण सिंधी?"
दिल्लीत वाढलेलं माझं पोर!

१९ एप्रिल
आज ते आले नाहीत. मणी वाटाण्याएवढे झालेत बहुतेक. नीट बघितलंच नाही — सारखी मान रस्त्याकडे.

२६ एप्रिल
व्हायरल होता म्हणे! चेहरा उतरलाय. थर्मासमधला चहा प्यायलो.
"बंगळुरूला कधी निघताय?"
"ठरलं नाही अजून."
"अच्छा." मग कप खाली ठेवून, "नाही गेलात तर, शुभदा?"
आज पहिल्यांदा नुसतं 'शुभदा'. मी त्यांचा कप परत भरला. घरी येऊन पोटभर जेवले.

१४ जून
घोस केशरी झाले! खाली पडलेलं एक फळ अर्धं-अर्धं खाल्लं. बीच मोठी, गर नावाला, पण गोड. ऊन नुसतं भाजत होतं, तरी दोघांपैकी कुणी उठेना.

१५ जून
काल त्या झाडाखालीच सूर्यकांतांनी विचारलं, आणि मी 'हो' म्हटलं. सकाळी सुजयला सांगितलं, "येते बंगळुरूला, पण आठच दिवस. आणि दोघं येऊ. लग्न करून."
तो म्हणाला, "तारीख सांग, आई. सुट्टी टाकायला हवी."